तारेत ओवलेल्या पत्रिका

आमच्या घरात टिक्‌-टिक्‌ असा आवाज यायला लागला की समजायचं, आण्णा विचार करताहेत. आण्णा म्हणजे माझे वडील. एस.टी.त कंडक्टर होते. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा घरी आले तरी त्यांच्या हातातून सुटत नसे. ओट्यावर भिंतीला टेकून बसायचे आणि रिकाम्या हवेला भोकं पाडत राहायचे. एखादी टिक्‌ म्हणजे साधी गोष्ट, उद्याची ड्यूटी वगैरे. सलग टिकटिक लागली म्हणजे राजकारण. मग चुलीपासून आई म्हणायची, "आता गाडी हुबी करा जरा, पोरगी अभ्यास करायलीय." पोरगी अभ्यास करत नसायची. पोरगी कान देऊन ऐकत असायची की आज बसमध्ये कोण कोणाशेजारी बसलं.

नेकनूरहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आमचं गाव थोडं आत, आणि गावापासून आमची वस्ती आणखी थोडी आत. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. आई आणि आत्या सकाळीच पाझर तलावाच्या कामावर जायच्या. मातीच्या पाट्या रिकाम्या करताना होणारा धप्‌ धप्‌ असा आवाज शाळेपर्यंत ऐकू यायचा. आमच्या गुरुजींनी त्या तालावर पाढे म्हणवून घ्यायची युक्ती काढली होती. आजही मला तेराचा पाढा म्हणताना मध्येच माती पडल्याचा भास होतो. घरी खायला मिलो असायचा, परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी तव्यावरून उतरतानाच कडेने तुटायची. आत्या ती हातात घेऊन म्हणायची, "ही भाकर न्हाई, खापर हाय." पण त्याच आत्याने हुलग्याचं माडगं केलं, वरून लसणाची चरचरीत फोडणी घातली, की ते खापर त्यात बुडवून मी दोन-दोन खायची. आई कामावर वाटलेली सुकडी पदरात बांधून आणायची, ती मी कोरडीच तोंडात टाकायची आणि मग बोलता येत नसे. तेवढाच वेळ घरात शांतता, असं आण्णा म्हणत.

ही आत्या म्हणजे आण्णांची थोरली बहीण, यमुना. सासर अंबाजोगाईकडच्या एका गावातलं. लवकर विधवा झाली आणि भावाकडे परत आली. तिला अक्षरओळख नव्हती. पण पंचक्रोशीतली कोणती मुलगी कोणाच्या घरात पडली, कोणाचा साडू कोण, कोणाचं मोडलेलं लग्न परत कसं जुळलं, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं होतं. आपल्या माणसांचं तर होतंच, पण ज्यांच्या शेतात तिने खुरपणी केली त्यांचंही होतं. हे मी आत्ता सांगते आहे. तेव्हा मला ती फक्त माडगं चांगलं करणारी आणि माझे केस ओढून वेणी घालणारी बाई वाटायची. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, ते माझ्यासारखीलाच पाहून म्हटलं असावं.

तर राजकारण. गावातली सोसायटी म्हणजे गावाचं नाक. बियाणं तिथून, जनावरांचा चारा तिथून, मिलोही तिथूनच. चेअरमन होते नाना, वरच्या आळीतले. त्यांच्याविरुद्ध दुसरं पॅनल होतं तात्यांचं. दोघांचं हाडवैर, असं गाव मानून चालायचं. नाना उजवीकडून आले तर तात्या डावीकडच्या बोळात वळायचे. आणि एक दिवस आण्णा सलग टिकटिक करत म्हणाले, "ही दोघं आज माझ्या गाडीत एकाच बाकड्यावर बसून बीडपसून आली. एकाच पुडीतल्या शेंगा खाल्ल्या. गावचा फाटा आला अन् एक म्होरच्या दारानं उतरला, एक मागच्या. कावून?"

आण्णांच्या त्या 'कावून'ने माझ्या आयुष्याला वळण लागलं. शाळेत कोणी 'का' असं विचारलं तर उत्तर पाठ करायचं असतं. आण्णा विचारायचे ते त्यांनाही माहीत नसायचं.

आमच्या घरात दाराच्या मागे खिळ्याला एक तार लटकवलेली होती आणि तिच्यात लग्नपत्रिका ओवलेल्या होत्या. कंडक्टरला सगळ्या रस्त्यावरचे लोक पत्रिका देतात. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड गाडीत कोंबायचं असतं ना! आवतण मनापासून असायचं आणि पंगतीत कुठे बसवायचं हेही आधीच ठरलेलं असायचं, म्हणून आण्णा जात नसत. पण पत्रिका टाकून देणं त्यांच्या जिवावर यायचं. कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं, त्यावर छापील नावं. एवढी नावं छापलेला कागद फेकायचा कसा? दुष्काळात लग्नं थांबली होती, पण मागच्या आठ-दहा वर्षांच्या पत्रिका तारेत तशाच होत्या, धुळीने जड झालेल्या.

मी ती तार खाली काढली. एका पत्रिकेत सापडलं की नानांच्या पुतण्याला तात्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी दिलेली. म्हणजे हाडवैरी एकमेकांचे सोयरे! मी पत्रिका नाचवत ओट्यावर आले. आण्णांनी ती दोनदा वाचली, चिमटा खाली ठेवला आणि म्हणाले, "सुजे, ह्ये लिवून ठेव." माझं नाव सुजाता. आण्णा खूश असले की 'सुजे', रागावले की 'सुजाताबाई'.

वही विकत आणायची पद्धत आमच्याकडे नव्हती. जुन्या वह्यांची कोरी राहिलेली पानं मी गोळा केली आणि आत्याने गोधडीच्या सुईने ती शिवून दिली, इतक्या जाड दोऱ्याने की वही पूर्ण उघडायची नाही. "काय लिवणार हाईस?" तिने विचारलं. मी म्हणाले, "राजकारण." ती म्हणाली, "मंग जाड दोराच बरा."

त्या वहीत मी काय काय लिहिलं! दूध संस्थेत कोण, खरेदी-विक्री संघात कोण, कारखान्याच्या नव्या मंडळात कोण, आणि त्यांची एकमेकांशी नाती काय. पत्रिकेच्या तळाशी निमंत्रकांची रांग असते, ती माझ्यासाठी सोन्याची खाण होती. त्यात बसमधलं बोलणं मिसळायचं, पाण्याच्या रांगेतलं बोलणं मिसळायचं आणि जिथे काहीच नसेल तिथे माझी अक्कल मिसळायची. सगळं एकाच शाईत, एकाच ओळीत. दर रविवारी सकाळी समाजमंदिरात बुद्धवंदना झाली की पुरुष मंडळी समोरच्या लिंबाखाली बसत. तिथे आण्णा माझ्या वहीतलं थोडं वाचून दाखवत. लोक मान हलवत. "कंडक्टरच्या पोरीनं समदा तालुका उसवून ठिवला बे," असं एकजण म्हणाला तेव्हा मी आठवडाभर हवेत होते. चौदा वर्षांच्या मुलीला एवढं कौतुक देऊ नये. मी पुढे केजला तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, तेव्हा हुशार मुलांचं कौतुक करताना मी नेहमी हात थोडा आखडता घेतला, त्याचं कारण हे आहे.

आता कचरूबाबांबद्दल सांगते. वस्तीतले सर्वांत म्हातारे. पाठ वाकलेली, डोक्याला मळका फेटा, आणि तोंडात दात नसून बोलणं मात्र टोकदार. सोसायटीच्या कचेरीला तीन पायऱ्या होत्या. दीड-दोन वर्षांपूर्वीपर्यंत कचरूबाबांची सगळी उमर त्या पायऱ्यांच्या खाली उभं राहून हाक मारण्यात गेली होती. त्या वर्षी वस्तीतल्या ज्यांच्या ज्यांच्या नावावर थोडी जमीन होती अशा अकरा जणांनी सोसायटीच्या सभासदत्वाचे अर्ज भरले. निवडणूक जवळ आली होती. सभासद झालं की मत आलं, आणि मत आलं की नानांना आणि तात्यांनाही आमच्या दारात यावं लागणार होतं. कचरूबाबांच्या अर्जावर अंगठा मीच धरून उमटवला. ते अंगठ्याकडे बघत म्हणाले, "मरायच्या आदी एकडाव ह्यो अंगठा त्या सोसायटीच्या पेटीपशी न्यायचा हाय. मंग खुशाल जाळा मला."

अर्ज दिले सेक्रेटरीकडे. हा माणूस दीड-दोन वर्षांपूर्वी बदलून आलेला. धोंडीराम नाव. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा. त्याने अर्ज मासिक मीटिंगमध्ये संचालकांसमोर मांडायचे आणि त्यांनी मंजूर करायचे, अशी रीत. मीटिंग सोमवारी दुपारी. त्यानंतरची मीटिंग महिन्याने, आणि त्याआधीच मतदारांची यादी बंद होणार होती. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच सोमवारी.

शनिवारी मी पुन्हा तार खाली घेतली. नानांच्या थोरल्या मुलीची पत्रिका मी आधीही पाहिली होती, पण वरवर. आता सावकाश वाचली. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, 'मुलीचे मामा' याच्यापुढे छापलं होतं: श्री. धोंडीराम, पुढे तेच आडनाव, तेच गाव. आमचा सेक्रेटरी! मुलीचा मामा म्हणजे मुलीच्या आईचा भाऊ, म्हणजे नानांचा सख्खा मेव्हणा. मी वहीत ठळक लिहिलं: 'सेक्रेटरी हे चेअरमनचे मेव्हणे आहेत. आपले अर्ज मीटिंगमध्ये मांडले जाणार नाहीत.' पहिलं वाक्य पत्रिकेवरून, दुसरं माझ्या मनावरून. दोन्हींमध्ये एक पूर्णविराम, बस.

त्या रविवारी लिंबाखाली आण्णांनी ते वाचलं. आत्या तेव्हा टँकरच्या रांगेत होती. वाचून झालं. मग एकदम सगळेच बोलायला लागले. "तरीच लई गोड बोलतो." "अर्ज घेताना हासत व्हता बे." आण्णांनी सुचवलं की अर्ज परत घेऊ, ते स्वतः केजच्या सहकार खात्याच्या कचेरीत नेऊन देतील. पत्रिका हातोहात फिरली. छापलेलं होतं, मग शंका कशाची?

सोमवारी सकाळी आण्णा, कचरूबाबा आणि आणखी तिघे-चौघे सोसायटीत गेले. मीही गेले, वही छातीशी धरून. आण्णांनी अर्ज परत मागितले. सेक्रेटरीने कारण विचारलं नाही. कपाटातून फाईल काढली, अकरा अर्ज मोजून दिले आणि एवढंच म्हणाला, "आज दुपारी मीटिंग हाय. ठाऊक हाय ना तुमाला?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आम्हाला वाटलं, बघा, कसा डाव टाकतोय.

दुपारी मीटिंग झाली. मंगळवारी आण्णा केजला गेले. कचेरीतल्या बाबूने अर्ज हातातही घेतले नाहीत. गावच्या सोसायटीने ठराव केल्याशिवाय इथे काही होत नाही, सेक्रेटरीची सही कुठे आहे, असं म्हणून त्याने परत पाठवलं. आण्णा संध्याकाळी घरी आले आणि चिमट्याला हातही लावला नाही. आत्याने भाकरी वाढता वाढता विचारलं, काय झालं. आण्णांनी सांगितलं. मेव्हण्याचं सांगितलं तशी आत्याचा हात परातीवरच थांबला.

"कोण मेव्हणा?"

"सेक्रेटरी. नानांच्या मालकिणीचा भाऊ."

"येड लागलं का तुमाला? तिला भाऊ कुठं हाय? दोगी बहिणीच त्या. माझ्या सासरच्याच गावची ना ती. अन् धोंडीराम मेंढरं राखणाराचा ल्योक हाय. त्याचा बाप त्यांच्या रानात मेंढरं बसवायचा. तिला भाऊ न्हाई म्हणून त्येलाच राखी बांधायची. पोरीच्या लग्नात मामा लागतो ना, पोरीला धरून आणाया? मंग हुबा केला त्येला मामा म्हणून."

मी पत्रिका पुढे केली. "पण हे छापलंय, आत्या."

"छापलं आसंल. मला इचारलं का कुणी?" ती म्हणाली आणि मग भाकरी माझ्या ताटात टाकत म्हणाली, "उन्हातान्हाचा यायचा. माझ्या घागरीतलं पाणी मागून प्यायचा. लोक त्येला बोलायचे, हिच्या हातचं पेतोस म्हणून. तरी प्यायचा. लई चांगलं माणूस हाय त्ये."

आण्णा उठून ओट्यावर गेले. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला, त्या हाताला मातीच्या पाट्यांनी भेगा पडल्या होत्या आणि तो हात ठेवल्यावर मला रडू आलं. मला सगळ्यांत जास्त काय लागलं सांगू? सोसायटीच्या कचेरीत एक बाकडं होतं. सेक्रेटरी आल्यावर त्याने ते बाहेरून आत घेतलं होतं आणि मिलो न्यायला येणारा प्रत्येक माणूस, वरच्या आळीचा असो की आमचा, त्या एकाच बाकड्यावर बसायचा. मी दर आठवड्याला तिथे बसत होते. माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली ही एवढी गोष्ट माझ्या वहीत नव्हती, कारण तिच्यात कोणाचं कोणाशी नातं नव्हतं.

बुधवारी शाळा बुडवून मी सोसायटीत गेले. एकटी. आण्णा येतो म्हणाले होते. मी नको म्हणाले. तीन पायऱ्या चढले. आत मिलोच्या पोत्यांचा कोंदट वास आणि सेक्रेटरी ठरावाच्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होता. त्याने बाकड्याकडे बोट केलं. मी बसले नाही. वही टेबलावर उघडली, जाड दोऱ्यामुळे ती मिटायला बघत होती म्हणून तळहाताने दाबून धरली, आणि म्हणाले, "हे मी लिहिलंय. हे चुकीचं आहे. त्यामुळे अर्ज परत नेले. चूक आण्णांची नाही, माझी आहे."

त्याने वाचलं. मग मागची पानं उलटली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला. मी उभीच. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. बऱ्याच वेळाने तो हसला. नाना आणि तात्यांची शेंगांची पुडी वाचून हसला.

"ह्ये कुणी बघितलं?"

"आण्णांनी."

"अन् ह्ये? दूध संस्थेचं?"

"पाण्याच्या रांगेत ऐकलं."

"अन् अर्ज मांडले जाणार न्हाईत, ह्ये?"

मी त्या पूर्णविरामाकडे पाहिलं.

"वाटलं," तोच म्हणाला. त्याने टेबलावरची लाल पेन्सिल माझ्या हातात दिली. "बस आता. परत्येक ओळीच्या म्होरं एक अक्षर घाल. बघितलं आसंल तर पा. ऐकलं आसंल तर ऐ. वाटलं आसंल तर वा. मी जेवून येतो."

तो डबा घेऊन पोत्यांच्या पलीकडे जाऊन बसला. मी लिहीत गेले. तुम्हाला सांगते, त्याहून कडक शिक्षा मला आयुष्यात कोणी केली नाही. पानामागून पान 'ऐ' आणि 'वा', 'वा' आणि 'ऐ'. 'पा' एखादा, आण्णांनी पाहिलेलंही माझं 'ऐ'च. सगळा तालुका उसवणाऱ्या पोरीने स्वतः पाहिलेलं जवळजवळ काहीच नव्हतं.

जेवून आल्यावर त्याने पानं चाळली. मी धीर करून विचारलं, "तुम्ही मांडणार होतात का अर्ज?"

"मांडणार व्हतो."

"मंजूर झाले असते?"

तो बाहेर पायऱ्यांकडे बघत राहिला. "त्ये मला कसं ठाऊक? नाना न्हाई म्हणाले आसते, कदाचित हो बी म्हणाले आसते. राखी बांधणारी बहीण घरात बसलीय, तिचं बी ऐकतात ते. पण झालंच न्हाई ना काही. आता त्ये तू लिवलंस तरी वा मधीच लिवावं लागंल. आन घेऊन अर्ज. म्होरच्या मीटिंगला मांडतो. यादी मातर माझ्या हातात न्हाई."

पुढच्या रविवारी लिंबाखाली आण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "वाचलं म्या, सुचवलं म्या, दोष माझा." मी मध्येच उठले. बायका, मुलं, सगळी होती. मी सांगितलं की लिहिलं मी, घरात माहिती असणारं माणूस असताना विचारलं नाही मी, आणि मत गेलं ते माझ्यामुळे. एकजण चिडून म्हणाला, "पोरीच्या जातीला वही दिली की आसंच व्हतं." आण्णांचा चेहरा बदलला, पण त्यांच्या आधी कचरूबाबा बोलले. "का बे? तुला वही दिली आसती तर काय उजेड पाडला आसतास? अंगठाच उमटवला आसतास ना माझ्यावानी?" सगळे हसले. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, माझं मत जरा लांबलं. तवर जगतो मी. तू लिवायचं सोडू नकोस. फकस्त त्या यमुनेला इचारत जा."

महिन्याने अर्ज मांडले गेले आणि मंजूरही झाले. नानांनी हूं की चूं केलं नाही, कारण निवडणूक होऊन ते पुन्हा चेअरमन झाले होते आणि अकरा मतांची त्यांना आता काही वर्षं तरी भीती नव्हती. कचरूबाबा सभासद म्हणून पायऱ्या चढून गेले, बाकड्यावर बसले, बिडी ओढून खाली आले. पुढची निवडणूक आली तेव्हा ते नव्हते. मी आता त्यांच्याहून फार लहान नाही, आणि माझ्या हातून झालेल्या चुकांची यादी लांब आहे. पण तो अंगठा पेटीपर्यंत गेला नाही, ही पहिली आहे आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. कोणी म्हणतं, तू लहान होतीस. होते. म्हणून काय झालं?

त्यानंतर मी आत्याला विचारून लिहायला लागले. ती चुलीशी आणि मी पाटावर. ती सांगायची, मी 'ऐ' लिहायची. ती डोकावून विचारायची, "काय अक्षर घातलंस?" 'ऐ' म्हटलं की फुरंगटायची. "म्या सवता बघितलंय की!" मग मी समजवायची की तू पाहिलंस, मी ऐकलं. तिला ते कधी पटलं नाही. माझी नातवंडं फोनवर काहीबाही पाठवत असतात, अमका नेता असं म्हणाला, तमक्या गावात तसं झालं. मी उलट एवढंच पाठवते: 'पा, ऐ की वा?' आता ती मला पाठवायचीच बंद झाली आहेत, किंवा मला वगळून वेगळा ग्रुप केला असावा. वा.

सेक्रेटरीची बदली पाऊसकाळ बरा झाला त्या वर्षी झाली. जायच्या दिवशी तो आण्णांच्याच गाडीने निघाला. फाट्यावर मी आणि आत्या उभ्या होतो. आत्याने त्याला प्यायला तांब्याभर पाणी दिलं, ते त्याने उभ्या उभ्या घटाघटा प्यायलं आणि तांब्या परत दिला. मग बगलेतून एक जाड रजिस्टर काढून माझ्या हातात ठेवलं. कोरं, लाल कापडी पाठीचं, आखीव पानांचं. "तुजी वही उघडत न्हाई नीट," एवढंच म्हणाला. आण्णांनी घंटी दोनदा ओढली आणि गाडी गेली.

ते रजिस्टर भरायला मला चार वर्षं लागली. बीडला कॉलेजात गेले तेव्हाही ते पेटीत होतं. मला वाटायचं, एवढी पानं आपल्याच्याने संपायची नाहीत. कितीदा सोडूनही दिलं, महिना-महिना. पण रिकामी आखीव ओळ दिसली की हात शिवशिवायचा. सुट्टीत घरी आले असताना एका दुपारी शेवटचा कागद उलटला, तर त्याच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, लाल पेन्सिलीत दोन ओळी होत्या. ठरावाच्या रजिस्टरमधलं तेच सरळ, बारीक अक्षर. चार वर्षं ते तिथेच होतं, माझ्या हाताखाली. मध्येच सोडलं असतं तर मला ते कधी दिसलंच नसतं, आणि हे त्याला ठाऊक असणार.

आत्या गहू निवडत होती. मी तिला वाचून दाखवलं, कारण आवाज न काढता वाचणं मला जमेना.

'सुजाता, कंडक्टरची मुलगी. आपली चूक सांगायला एकटी पायऱ्या चढून आली. पा.'